जेलच्या किचनचा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांना, सोलापूरच्या एका मेसवालीचं खुलं पत्र

साहेब, मॅडम, नमस्कार.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या अलीकडं माझी मेस आहे, मेस म्हणजे आमचं घरच, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन भट्ट्या आणि पुढच्या खोलीत डबे भरायचे. रोज १४० डबे जातात. कारखान्यातली पोरं, हॉस्टेलची पोरं, आणि काही म्हातारी माणसं ज्यांची मुलं पुण्याला गेलीत. अकरा वर्षं झाली हे करतीय. कायद्यातलं मला कमी कळतं पण शंभर माणसांना एका वेळेला किती डाळ लागते, पीठ किती भिजवायचं, भात खाली लागू नये म्हणून काय करायचं हे झोपेतनं उठवून विचारलं तरी सांगेन. म्हणून हे पत्र लिहायचं धाडस करतीय, कारण मला जे सांगायचंय ते स्वयंपाकाचंच आहे.

माझा धाकटा भाऊ तेरा महिने जेलमध्ये होता. कुठल्या ते लिहीत नाही, सोलापूरचं की बाहेरचं तेही नाही, कारण मला कुणा एका साहेबांवर बोट ठेवायचं नाही. केस भांडणाची आहे, अजून कोर्टात चालू आहे म्हणून त्यावर काही बोलत नाही, तो आता जामिनावर घरी आहे. तो कच्चा कैदी होता, म्हणजे शिक्षा झालेली नाही, केसचा निकाल लागेपर्यंत आत ठेवलेला. आत जास्त करून असेच लोक असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. सरकारच्याच २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या चार कैद्यातले तीन कच्चे आहेत, पावणेसहा लाखाच्या आसपास माणसं आत आणि त्यातली सव्वाचार लाखाच्या वर अशी, ज्यांचा गुन्हा अजून ठरलेलाच नाही.

त्या तेरा महिन्यात मी रोज १४० डबे भरले आणि त्याला एक डबा पोचवता आला नाही. डबे भरताना शेवटचा डबा बंद केला की रोज मनात यायचं की आता त्यानं काय खाल्लं असेल. हे दुःख सांगायला पत्र लिहीत नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्या मुलाखतीला आईनं शेंगा चटणी नेली होती. सोलापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको, शेंगदाणे भाजून, लसूण, तिखट, जिरं, खलबत्त्यात कुटून तेल सुटेपर्यंत, ती महिनाभर टिकते आणि नुसत्या भाकरीबरोबर जेवण होतं. सोबत कडक भाकऱ्या, पातळ, पापडासारख्या, फडक्यात बांधलेल्या. गेटवरच्या पोलीसदादांनी पुडकं हातात घेतलं, वास घेतला आणि परत दिलं. म्हणाले, आई, आत खायचं काही जात नाही, मनिऑर्डर करा, तो कँटिनमधनं घेईल. नीट बोलले ते, रागावले नाहीत. चटणीत तिखट असतं, तिखट कुणाच्या डोळ्यात टाकता येतं, भाकरीच्या चवडीत काय लपवता येतं, हे सगळं मला नंतर समजलं आणि पटलंही. पण त्या दिवशी आई ते पुडकं मांडीवर घेऊन घरापर्यंत आली आणि वाटेत एक शब्द बोलली नाही.

मग मनिऑर्डर सुरू झाली. आई विड्या वळते, चाळीस वर्षं झाली. सोलापुरात ज्या घरात विड्या आहेत त्यांना माहीत आहे, पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, आणि हजार विड्या झाल्या की मजुरी. त्या मजुरीतनं दर महिन्याला दोन हजार बाजूला. माझ्याकडनं घे म्हणलं तर म्हणायची, तू वकिलाचे बघ, पोराच्या पोटाचे माझे मी बघते. आता तुम्ही म्हणाल जेलमध्ये तर जेवण फुकट असतं, मग पोटाचे पैसे कशाला लागतात? तिथंच माझं सगळं म्हणणं आहे.

भाऊ बाहेर आल्यावर मी त्याला हळूहळू सगळं विचारून घेतलं, एका दिवसात नाही, तो बोलायचाच नाही आधी. आतलं जेवण म्हणजे भत्ता, तसंच म्हणतात आत. सकाळी सातला चहा आणि नाष्टा, कधी पोहे कधी उपमा. साडेदहाला दुपारचा भत्ता, दुपारचा म्हणायचं, पण साडेदहाला. आणि संध्याकाळचा भत्ता साडेचारला. साडेपाच-सहाच्या आत गिनती होऊन बराकीत बंदी, कुलूप, ते सकाळी सहाला उघडणार. म्हणजे साडेचारला घेतलेलं जेवण एक तर तेव्हाच खायचं, उन्हात, भूक नसताना, नाहीतर ताटात झाकून ठेवायचं आणि आठला गार खायचं. साडेचार ते सकाळी सात, साडेचौदा तास होतात. माझ्याकडं डब्याला येणारं पोरगं रात्रीचा डबा अर्धा तास लेट झाला तर तीन फोन करतं आणि बरोबरच आहे त्याचं, भूक ही भूक आहे.

गार खाणं म्हणजे काय ते जो रोज करतो त्यालाच कळतं. चपात्या एकावर एक गरम रचल्या की वाफेनं खालच्या भिजतात, दोन तासानं त्या चामड्यासारख्या होतात, तोडताना ओढाव्या लागतात. डाळ गार झाली की वर पाणी आणि खाली गाळ. आणि इथं मी मेसवाली म्हणून सांगते, डाळ पातळ असणं वेगळं आणि डाळ फुटलेली असणं वेगळं. पातळ डाळ मी पण करते, महिनाअखेरीला तूरडाळीचा भाव वाढला की करावी लागते, पण तिला फोडणीनंतर नीट उकळी आणली तर ती एकजीव राहते. आतली डाळ कशी असते विचारलं तर भाऊ म्हणाला, अक्का, वाटी ठेवली की दोन मिनिटात पाणी वेगळं दिसतं. मी लगेच ओळखलं. आधी घट्ट शिजवलेली असते, मग वाटपाला माणसं जास्त निघाली की वरनं गार पाणी ओततात आणि परत उकळी आणायला टाइम नसतो किंवा गॅस नसतो. यात कुणी चोरी केलीच असेल असं मी म्हणत नाही. मोजणी सकाळी एक असते आणि संध्याकाळपर्यंत कोर्टातनं नवीन माणसं येतात, आणि किचन बांधलं गेलं तेव्हा जेवढ्या माणसांसाठी होतं त्यापेक्षा आता बऱ्याच ठिकाणी माणसं जास्त आहेत. २०२२ च्या शेवटी देशातल्या जेलमध्ये शंभराच्या जागेत सरासरी १३१ माणसं होती. सरासरी म्हणजे कुठं कमी, कुठं दुप्पट. शंभराच्या पातेल्यात १३१ जणांचा भात लावून बघा, खालचा लगदा होतो आणि वरचा कच्चा राहतो, कितीही चांगला आचारी असू दे.

चपातीचं एक सांगते. तो घरी आला त्या रात्री मी स्वतः लाटल्या, तूप लावून. तो जेवत होता आणि मी बघत होते. प्रत्येक चपातीची कड तो आधी चारी बाजूनं काढायचा, ताटाच्या एका कोपऱ्यात ठेवायचा, आणि मग मधलं खायचा. चार चपात्यांच्या चार कडा, नीट गोल रचून ठेवलेल्या. मला वाटलं जळाल्या का काय. आई म्हणाली, अरे कड का टाकतोस? त्यानं ताटाकडं बघितलं आणि त्याच्या लक्षातच आलं नव्हतं की तो असं करतोय. आत कड कच्ची असायची. पिठाची पांढरी रेघ. हजारांनी चपात्या लाटायच्या असल्या की लाटणारे मधे दाब देतात आणि कड जाड राहते, तवा मोठा, आच मोठी, वरनं डाग पडला की उलटायची आणि काढायची. रोज कच्चं पीठ खाऊन पोट धरायचं म्हणून सगळेच कड काढतात म्हणाला. मग आठ-दहा दिवस तो घरी पण कडा काढत होता, आणि अर्धी भाकरी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाला ठेवत होता. आम्ही कुणी काही बोललो नाही.

मग आईचे दोन हजार कशाला लागत होते ते कळलं. कँटिनमधनं शेव, फरसाण, लोणचं, बिस्किटं, दूध पावडर. गार डाळीतलं वरचं पाणी ओतून टाकायचं, खालच्या डाळीत शेव चुरायची, लोणच्याचा खार घालायचा, त्यात चपातीचा मधला भाग बुडवायचा, हे जेवण. म्हणजे सरकारनं दिलेलं जेवण खाण्यासारखं करायला आईच्या विड्या लागत होत्या. आणि ज्याची मनिऑर्डर येत नाही तो काय करतो?

त्याच्या बराकीत एक म्हातारा होता, साठीच्या पुढचा, मराठवाड्यातल्या कुठल्यातरी गावचा, त्याला भेटायला कधीच कुणी आलं नाही. घरचे यायला गाडीभाडं नाही की घरात कुणी राहिलंच नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. तो दुसऱ्यांचे कपडे धुवायचा. एक बादली कपडे धुतले की एक बिस्किटाचा पुडा किंवा मूठभर फरसाण. माझ्या भावाचेही धुतलेत त्यानं. हे सांगताना भाऊ माझ्याकडं बघत नव्हता. म्हणाला, पहिल्या महिन्यात मी धुवून घेतले गं, सगळेच घेत होते, मग मला लाज वाटली, मग मी नुसतंच द्यायला लागलो, तर तो घेईना. कपडे दे आधी म्हणायचा. साहेब, त्या म्हाताऱ्याला कुठल्या कोर्टानं कपडे धुवायची शिक्षा दिली होती? त्याला जर साडेसात-आठ वाजता गरम, नीट शिजलेली डाळ आणि पूर्ण भाजलेली भाकरी मिळाली असती तर त्यानं फरसाणासाठी कुणाची बादली उचलली नसती.

म्हणून मला कँटिन चांगलं करा असं मागायचं नाहीये. २०२३ च्या शेवटी बातमी आली होती की राज्यातल्या जेलच्या कँटिनच्या यादीत पाणीपुरी, आइस्क्रीम असलं नवीन बरंच काही आलं, तेव्हा लोक भडकले होते, आमच्या मेसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण पोरं लिहीत होती की कैद्यांचे लाड चाललेत, आम्हाला रूम भाडं भरून जेवण परवडत नाही. मी तेव्हा काही बोलले नाही कारण भाऊ आत होता आणि कुणाला माहीत नव्हतं. आज बोलते. कँटिनमध्ये काहीही ठेवलं तरी ते विकत असतं. ज्याच्या घरनं पैसे येतात त्याच्यासाठी पाणीपुरी, ज्याच्या घरनं येत नाहीत त्याला तीच फुटलेली डाळ. आणि पैसे देतं कोण? आत गेलेल्या माणसाची आई, बायको, बहीण, जिच्या घरातला कमावता माणूस आधीच गेलाय. शिक्षा तिला झाली ना मग. कँटिन राहू दे, कुणाला वाढदिवसाला आइस्क्रीम खावंसं वाटलं तर खाऊ दे. पण सरकारी पातेल्यातलं जेवण असं पाहिजे की कुणाची मनिऑर्डर आली नाही म्हणून कुणी उपाशी झोपू नये.

घरच्या डब्याचं पण आम्ही बघितलं होतं. मोफत कायदेशीर मदतीतल्या वकील मॅडमनी मला १८९४ च्या प्रिझन्स ॲक्टमधलं कलम ३१ दाखवलं होतं, शिक्षा न झालेल्या कैद्याला बाहेरनं स्वतःच्या खर्चानं जेवण, कपडे घेता येतात, तपासणी करून आणि नियमात बसवून, असं इंग्रजांनीच लिहून ठेवलेलं. मला एवढा आनंद झाला होता. पण मॅडम म्हणाल्या प्रत्यक्षात कोर्टात अर्ज करायचा, कारण द्यायचं, बहुतेक वेळा तब्येतीचं, डॉक्टरचे कागद लावायचे, मग कोर्ट बघणार. पेपरात आपण वाचतोच की अमुक मोठ्या माणसाला घरचा डबा मंजूर झाला. त्यांना मिळाला म्हणून माझी तक्रार नाही, आजारी माणसाला मिळायलाच पाहिजे. पण माझा भाऊ धडधाकट, तारखेचेच वकील परवडेनात, तिथं डब्याचा अर्ज कुठनं लावणार. आणि खरं सांगू का, डबा मिळाला असता तरी त्यानं त्या म्हाताऱ्यासमोर तो कसा खाल्ला असता.

नियमात लिहिलेलं वाईट नाहीये. केंद्राच्या गृह खात्याचं २०१६ चं मॉडेल प्रिझन मॅन्युअल आहे, माझ्या पुतण्यानं मोबाईलवर काढून वाचून दाखवलं. साध्या माणसाला दिवसाला २००० ते २४०० कॅलरी लागतात, अंगमेहनतीचं काम असेल तर २८०० पेक्षा कमी नको, असं त्यात आहे. डाळ, धान्य, पालेभाजी सगळ्याची वजनं आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना जास्तीचं आहे. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची लेकरं आत राहतात त्यांच्या खाण्यापिण्याचं सुप्रीम कोर्टानं २००६ मध्येच सांगून ठेवलंय. पण त्याच मॅन्युअलमध्ये संध्याकाळचं जेवण बंदीच्या आधी द्यायचं असंही आहे, आणि माझ्या मते सगळं तिथं अडतं. बंदी सूर्य मावळायच्या सुमाराला, म्हणून जेवण त्याच्या आधी, म्हणून स्वयंपाक दुपारी दोनला उरकायचा, म्हणून तो गार. वजनं सगळी कागदाप्रमाणं बरोबर भरली तरी माणूस ते खाऊ शकत नाही. खरकट्याच्या बादलीत गेलेल्या चपातीच्या कॅलरी कुणाच्या अंगाला लागत नाहीत.

स्वयंपाक कुणी करायचा याच्यावर पण एक बोलायचंय. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी केस केली होती, की जेलमध्ये जात बघून काम द्यायचं नाही. तोपर्यंत काही राज्यांच्या नियमावलीत चक्क लिहिलेलं होतं की स्वयंपाक वरच्या किंवा योग्य जातीच्या कैद्यानं करायचा आणि झाडू-संडास दुसऱ्यांनी. मी हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या शेडमध्ये भाकरी थापायला चार जणी येतात, पद्मशाली आहे, मुस्लिम आहे, दोघी मागासवर्गीय आहेत, आणि त्या भाकरीवर १४० घरं चालतात. कोर्टानं सांगितलंय तर ते किचनच्या दारापर्यंत पोचलं का एवढं प्रत्येक जेलमध्ये जाऊन बघा, नुसतं परिपत्रक काढू नका. आणि जो कैदी किचनला लागतो त्याला कुणीतरी शिकवा हो. रिक्षावाला असतो, सेंट्रिंगवाला असतो, त्यानं आयुष्यात चहा केलेला नसतो आणि त्याला पहाटे तीनला उठवून सांगतात कणीक मळ. कड कच्ची राहणारच.

चांगलंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईला नुसत्या तक्रारी. भाऊ म्हणाला रमजानमध्ये रोजा धरणाऱ्यांना पहाटेचं आणि संध्याकाळचं वेगळं देत होते, एकादशीला उपवासवाल्यांना शेंगदाणे, केळी, बटाटा. तेव्हा बराकीत वाटावाटी व्हायची, हे त्यांना शेंगदाणे देणार, ते यांना खजूर देणार. डॉक्टरांनी लिहून दिलं की आजारी माणसाला दूध, अंडं मिळायचं. म्हणजे वेगळ्या वेळेला, वेगळं जेवण देता येतं. रमजानला पहाटे चारला देता येतं तर रोज रात्री आठला का नाही येणार?

आणि दुसरीकडं झालेलं पण आहे. उत्तर प्रदेशात फर्रुखाबादच्या फतेहगढ जिल्हा जेलला २०२२ मध्ये एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याची स्वच्छता तपासणाऱ्या केंद्राच्या खात्याचं, पाच स्टार रेटिंग मिळालं, आपल्या हॉटेलांना देतात तसलं. तिथं पण कैदीच स्वयंपाक करतात, कणीक मळायचं, चपातीचं, भाजी चिरायचं मशीन आहे, ॲप्रन आहे, नखं कापलेली असतात का ते बघतात. केरळात तर जेलमधल्या चपात्या बाहेर काउंटरवर विकतात आणि लोक लाईन लावून घेतात. म्हणजे जेलची चपाती कच्चीच असली पाहिजे असं काही नाही. माझ्या मेसला फूडचं रजिस्ट्रेशन लागतं, साहेब लोक येऊन पाण्याची टाकी बघतात, डाळीचं सॅम्पल नेऊ शकतात, मी घाबरून का होईना फरशी दोनदा पुसते. तसंच कुणीतरी न सांगता येऊन प्रत्येक जेलच्या पातेल्यात डाव घालून बघू दे. आधी कळवून आलं की त्या दिवशी डाळ घट्ट असते, ते काय कुणाला सांगायला नको.

काही लोक हे वाचून म्हणतील, ज्यांनी दुसऱ्याचं घर उद्ध्वस्त केलं त्यांना गरम भाकरी कशाला. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यानं असं म्हटलं तर मी त्याच्यापुढं मान खाली घालेन, त्याला उत्तर द्यायचा मला हक्क नाही. पण शिक्षा काय द्यायची ते कोर्ट ठरवतं, पाच वर्षं, दहा वर्षं, जन्मठेप, आणि कुठल्याच निकालपत्रात कच्ची चपाती आणि फुटलेली डाळ असं लिहिलेलं नसतं. आणि जे कच्चे आहेत त्यांना तर शिक्षाच नाही. आपल्या देशात जेलच्या वागणुकीसाठी आणि जेवणासाठी माणूस मेलाय, क्रांतिकारक जतींद्रनाथ दास, इंग्रजांच्या काळात लाहोरच्या जेलमध्ये ६३ दिवस अन्न सोडलं आणि १३ सप्टेंबर १९२९ ला गेले, पंचविशीही झाली नव्हती. आमच्या सोलापूरचे स्वातंत्र्यलढ्यातले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांवरनं माझा डबेवाला रोज दोनदा जातो. जेल ही फक्त वाईट माणसांची जागा आहे असं निदान सोलापूरच्या माणसानं तरी म्हणू नये.

आता मला काय पाहिजे ते.

संध्याकाळचं जेवण उशिरा द्या. बंदीची वेळ सुरक्षेसाठी बदलता येत नसेल तर बदलू नका, स्टाफ कमी आहे, रात्री बराक उघडणं धोक्याचं आहे, मला समजतं. पण मग जेवण गरम राहील असं करा. कॅटरिंगवाले वापरतात ते दोन पदरी स्टीलचे मोठे डबे, माझ्याकडं तीन आहेत, लग्नाच्या ऑर्डरला डाळ सकाळी अकराला भरली तर दुपारी तीनला वाफ येते. साडेपाचला प्रत्येक बराकीत एक डाळीचा, एक भाताचा डबा आत ठेवून कुलूप लावा, बराकीतली माणसं वाढून घेतील. तेही जमत नसेल तर निदान रात्रीसाठी मूठभर गूळ-शेंगदाणे प्रत्येकाला द्या, ते गरम करावे लागत नाहीत, सडत नाहीत, आणि साडेचौदा तासाचं पोट त्यानं निभतं.

आणि भाकरी द्या. आपल्या जिल्ह्यात मंगळवेढ्याची ज्वारी आहे, मालदांडी, जिला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाला मिळतो तो सरकारी शिक्का, मिळाला. २०२३ साल तर जगभर भरडधान्याचं म्हणून साजरं केलं, सगळीकडं पोस्टर लागली होती. ती ज्वारी सोलापूर, कलबुर्गीकडच्या माणसाच्या पोटाला सवयीची आहे, गव्हाच्या कच्च्या चपातीनं ज्यांचं पोट फुगतं ते भाकरीनं शांत झोपतात. रोज हजार भाकऱ्या थापणं किचनला जमणार नाही हे मला माहीत आहे, थापायला हात लागतो. पण कडक भाकरी आहे ना! सोलापुरात किती बचत गटाच्या बायका त्याच करून पुण्या-मुंबईला पाठवतात, पॅकिंगमध्ये, महिनाभर टिकते, पाणी नाही म्हणून बुरशी नाही, कड कच्ची राहायचा प्रश्नच नाही कारण ती पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली असते. गरम डाळीत चुरली की झालं. सीलबंद खोक्यात येईल, त्यात काही लपवता येणार नाही, तपासायची तर एक मोडून बघा. जेलला भाकरी मिळेल, बायकांना वर्षभराचं काम मिळेल. एका जेलमध्ये आठवड्यातनं दोन दिवस करून बघा, आणि बादलीत किती टाकलं जातंय ते आधी आणि नंतर वजन करा. मी मेसमध्ये तेच करते, भाजी जमली का ते मला परत आलेले डबे सांगतात, माणसं तोंडावर खोटं बोलतात, डबा बोलत नाही.

पातेल्यात नंतर गार पाणी ओतणं बंद करा. माणसं वाढली तर उकळतं पाणी घाला आणि पाच मिनिटं परत उकळू द्या. याला बजेट लागत नाही, जीआर लागत नाही. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकत असतील तर तोही बंद करा, सोड्यानं डाळीतलं सत्त्व जातं, आदल्या रात्री भिजत घातली तरी काम होतं.

तो म्हातारा अजून आतच आहे. भाऊ बाहेर आल्यावर आईनं त्याच्या नावानं पाचशेची मनिऑर्डर करायची ठरवलं, पण भावाला त्याचं पूर्ण नावच माहीत नव्हतं, सगळे त्याला नुसतं आजोबा म्हणायचे.

मला बोलवा. कुठलंही जेल असू दे, मी माझ्या चार जणींना घेऊन येते, तुमचंच धान्य, तुमचंच पातेलं, तुमचाच गॅस, एक पैसा घेणार नाही. किचनला लागलेल्या पोरांना शंभर माणसांची डाळ आणि चपातीची कड कशी भाजायची ते दोन दिवसात शिकवते. माझे दुपारचे डबे सकाळी दहाला निघतात, त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत मी मोकळी असते, आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते.